शनिवारची सोलणी

लिखाणावरून लेखक ओळखणारा 'ठसा' नावाचा प्रोग्रॅम लोकांच्या हातात आला तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आमच्या सोसायटीत बहुतेकांना वाटलं की आपल्याला काही धोका नाही. मी मात्र पहिल्याच दिवशी घाबरलो.

सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांत रमणारा, माणसांसमोर घसा बसणारा. केस कापणाऱ्यानं भांग चुकीच्या बाजूला पाडला तर मी तो तसाच घेऊन घरी येतो आणि आरशासमोर बदलतो. माझी बायको असेपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "यांना मत विचारू नका हो, ताप येतो त्यांना." लोक हसायचे. मीही हसायचो.

पण २००८ ते २०१४ या काळात इंटरनेटवर 'कळकट्टा' नावाचं एक मराठी चर्चास्थळ होतं आणि तिथे माझं नाव 'दिवाभीत' होतं. तिथे मला ताप येत नसे. कॉम्प्युटर, ऑपरेटिंग सिस्टिम, खेळ, मराठी टंकलेखन, सगळ्यावर मला मतं होती, आणि ती मी अशा भाषेत लिहायचो की लोक ती कापून साठवून ठेवत. मी लिनक्सवाला. विंडोज वापरणारा माणूस माझ्या लेखी भाड्याच्या घरात तुळस लावणारा माणूस होता. हे वाक्य माझंच. कट्ट्यावर ते वर्षभर फिरत होतं.

कट्ट्यावर एक रीत होती. नव्या सभासदानं स्वतः केलेलं काहीतरी मांडायचं, एखादा प्रोग्रॅम, एखादा फॉण्ट, एखादा खेळ, आणि शनिवारी जुन्या मंडळींनी त्याची सालं काढायची. याला शनिवारची सोलणी म्हणत. कौतुक करायला बंदी नव्हती, पण कौतुक करणारा हलका समजला जाई. आणि सोलून झालं की नव्यानं प्रत्येकाच्या खाली 'आभारी आहे' असं लिहायचं. ते न लिहिणारा पुन्हा दिसत नसे.

२०१० सालच्या एका शनिवारी 'काठावरचा' असं नाव घेतलेल्या कुणीतरी 'पैलतीर' नावाचा खेळ मांडला. कृष्णेला पूर आलाय, तुमच्याकडे एक नाव आहे, बुडत्या घरांतून माणसं काढायची आहेत आणि प्रत्येक फेरीला कुणाला मागे ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. खेळ फक्त विंडोजवर चालत होता. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर तो उघडून बघावा असं मला वाटलंही नाही. सोबत चार चित्रं होती. त्या चार चित्रांवरून मी बाराशे शब्द लिहिले. नावेचा रंग, पाण्याची चौकोनी लाट, दुसऱ्याच्या करुणेवर गुण मिळवणारा लेखक, सगळं सोललं. शेवटी लिहिलं, 'या मुलानं पाणी पाहिलेलं नाही, माणसंही पाहिलेली नाहीत. त्यानं दुसरा उद्योग बघावा. त्यात त्याचं आणि आपलं दोघांचं भलं आहे.'

खाली त्यानं लिहिलं, 'आभारी आहे.'

दोन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावरचा पसारा आवरताना मला एक सीडी सापडली. तिच्यावर माझ्या मुलाच्या, निनादच्या अक्षरात लिहिलं होतं: पैलतीर. तो एकोणीस वर्षांचा होता. अभ्यास सोडून आत काहीतरी करत बसतो एवढंच मला माहीत होतं. मी सीडी होती तिथेच ठेवली.

निनादनं पुन्हा खेळ केला नाही. तो विमा कंपनीत लागला. आता मशीन दावे मंजूर-नामंजूर करतं आणि तो खाली सही करतो. सव्वीस वर्षांत आम्ही या विषयावर एक शब्दही बोललो नाही.

*

ठसा काय करतो ते मला समजलं तेवढं सांगतो. माझ्या समजण्यात चूक असू शकेल.

माणूस लिहितो तेव्हा मोठे शब्द निवडून वापरतो, पण 'पण', 'तर', 'च', 'मुळात', 'अर्थात' अशा बारीक शब्दांकडे त्याचं लक्ष नसतं. ते मोजून लेखक ओळखायची विद्या जुनी आहे. मात्र तिला शेकडो पानं लागत आणि तरी ती चुके. नव्या संशोधकांनी या शब्दांची संख्या सोडून त्यांच्यामधली अंतरं मोजली. कोणता बारीक शब्द कोणत्या शब्दानंतर किती अंतरावर येतो, हे लहानपणी कानावर पडलेल्या बोलण्यातून ठरतं आणि मरेपर्यंत बदलत नाही, असं निघालं. चालण्याची ढब बदलत नाही तसंच. तीनशे शब्द पुरेसे झाले. माणूस नाव, विषय, मत, सगळं बदलू शकतो, पण ही अंतरं त्याच्या हातात नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ठसा लहान होता. साध्या फोनवर चालायचा. संशोधकांनी तो सगळ्यांना फुकट देऊन टाकला, त्यामुळे बंदी घालायची तर कुणावर, असा प्रश्न आला. आणि वीस-तीस वर्षांपूर्वीची सगळी चर्चास्थळं कुणी ना कुणी साठवून ठेवलेली होतीच. कळकट्टाही होता. लोक आता जपून लिहू लागले, मशीनकडून भाषा बदलून घेऊ लागले. पण जुनं लिहिलेलं कसं पुसणार?

आमच्या समोरच्या इमारतीतले बालरोगतज्ज्ञ दवाखाना बंद करून मुलीकडे गेले. त्यांनी तरुणपणी पेशंटांच्या आयांवर काय काय लिहिलं होतं ते कुणीतरी जिन्यात चिकटवलं. एका शिक्षिकेचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि हळूहळू एक नवी रीत पडली. स्थळ बघताना, नोकरीला घेताना, सोसायटीच्या निवडणुकीतही माणसाकडून स्वतः लिहिलेलं एक पान मागायचं. जो पान देत नाही त्याच्याकडे दडवण्यासारखं काहीतरी आहे, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं.

मी कुणाला पान देत नव्हतो. पण मला कुणी मागतही नव्हतं.

*

मागितलं ते ओवीनं, माझ्या नातीनं. ती दहावीत होती. त्यांच्या वर्गात आजी-आजोबांचे इंटरनेटवरचे जुने अवतार शोधायची टूम निघाली होती.

"तनयाची आजी कुठल्यातरी मालिकेच्या पेजवर खलनायिकेची बाजू घेऊन भांडायची," ती म्हणाली. "साडेचार हजार कमेंट! आणि एवढी गोड आजी आहे ती."

"मी काही लिहीत नव्हतो गं."

"मग द्या ना पान. काही निघणारच नाही."

निनाद पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "देऊन टाका बाबा. फार तर ग्रंथालयाच्या नोटिसा निघतील. 'पुस्तके वेळेत परत करावीत.'"

"पप्पा, ठसा म्हणेल, कंटाळवाणा, नव्व्याण्णव टक्के," ओवी म्हणाली आणि दोघं हसली.

मी म्हटलं, संध्याकाळी देतो.

दुपारभर मी लिहायचा प्रयत्न केला. दोन वाक्यं झाली की मला त्यांच्यात दिवाभीत दिसे. मशीनकडून लिहून घ्यावं तर ठसा ते लगेच ओळखतो. शेवटी मी कपाटातून जिनेंद्र आरवाडे यांचं एक पत्र काढलं.

आरवाडे माझे मित्र. एकुलते एक म्हटले तरी चालेल. गावभागात त्यांचं कॉम्प्युटर जुळवून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. कळकट्ट्याचा पत्ता मला त्यांनीच दिला होता, पण तिथे कोण कुठल्या नावानं लिहितो हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. तसा कट्ट्याचा शिरस्ताच होता. दर रविवारी ते आमच्याकडे चहाला यायचे. सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारपणात मुलीच्या घरून त्यांनी मला लांबलचक पत्रं लिहिली होती. त्यातलं एक जुने रेडिओ दुरुस्त करण्यावर होतं. मी वरचा 'प्रिय हुपरीकर' आणि खालचा 'आपला' गाळून ते स्वतःच्या अक्षरात उतरवलं आणि ओवीला दिलं. मेलेल्या माणसाचं काय निघणार, आणि निघालं तर त्याचं काय बिघडणार, असा माझा हिशोब होता.

जेवताना ओवी ओरडली, "आजोबा सापडले! कळकट्टा नावाची साइट होती. आजोबा तिथे 'खोबरेलतेल' होते!"

निनादचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"खोबरेलतेल. शहाण्णव टक्के. किती गोड नाव आहे!"

निनाद माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग तो उठून आत गेला आणि एक कागद घेऊन आला. छापलेला, घड्या पडून पिवळा झालेला. त्यानं तो वाचून दाखवला.

"'मी पैलतीर दोनदा खेळलो. तिसऱ्या फेरीला एक म्हातारी नावेत बसायला नको म्हणते आणि आपल्याला वल्हं मारून निघावं लागतं. दुसऱ्या खेपेला मी नाव परत फिरवली. परत फिरता येतं हे कुठेही लिहिलेलं नाही. परत गेलं की म्हातारी नुसती बघते आणि हात पुढे करते. पोरानं हे लपवून ठेवलंय. ज्याला परत जावंसं वाटेल त्यालाच ते सापडावं म्हणून. या पोराला खेळ करत राहू द्या.'"

वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली.

"सव्वीस वर्षं हा कागद माझ्याकडे आहे, बाबा. त्या शनिवारी अकरा जणांनी मला सोललं होतं. त्या दिवाभीतनं तर कातडंच काढलं. हा एकटा माणूस खेळला होता."

मी मान हलवली. होकारासारखी. मी हो म्हणालो असं कुणाला म्हणता येणार नाही, पण मान हलली.

तो आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर नमस्कार केला होता तेवढाच, मधल्या काळात त्यानं मला हात लावलेला मला आठवत नाही.

"मी परत करतोय तो खेळ," तो म्हणाला. "आठ महिने झाले. रोज ऑफिसच्या आधी दोन तास. कुणाला सांगितलं नव्हतं. या कागदाच्या जिवावर चाललंय."

*

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. हे लिहायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

निनाद सकाळी माझा चहा स्वतः घेऊन आला. समोर बसला. कट्ट्यावरच्या गमती विचारत राहिला. मी बेतानं, आरवाडे काय म्हणाले असते ते आठवून उत्तरं दिली. तो खदखदून हसला. मला वाटलं, आरवाडे गेले आहेत, त्यांना याचा काय उपयोग? मी थोडे दिवस वापरलं तर कुणाचं काय जातंय? उद्या सांगू. मग वाटलं, परवा.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. चहा झाल्यावर निनाद म्हणाला, "बाबा, एक विचारू? तेव्हा मी तो खेळ आईला दाखवायचो. नाव परत फिरते ते मी तिला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात."

"असेन."

"म्हणजे तुम्ही ते ऐकलं होतंत."

 खरं म्हणजे मी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा बहुधा कुणालातरी सोलत होतो.

"मी काल दिवसभर त्यावर विचार केला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट माया होती, आणि तेच मला सहन होईना. "माझी समजूत अशी होती की कुणीतरी परका माणूस खेळला आणि त्याला आपण होऊन परत जावंसं वाटलं. सगळा खेळ त्याच्यासाठीच होता. पण ते तुम्ही होतात. तुम्हाला ते सापडलं नाही, आधीच माहीत होतं. मुलाला सगळे सोलतायत म्हणून बापानं गुपचूप फुंकर घातली. चांगलं केलंत. मी तुमच्यावर रागावलेलो नाही, उलट… असू दे. पण याचा अर्थ असा की तो खेळ कुणालाच आवडला नव्हता."

"निनाद—"

"दिवाभीत बरोबर होता. निदान त्याला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यानं जे दिसलं ते लिहिलं." त्यानं कप उचलले. "पुसून टाकला मी. नवा, जुना, सगळा. रात्री झोप छान लागली."

मी तिथेच बसून सगळं सांगितलं. पत्र आरवाडेंचं. पान चोरलेलं. दिवाभीत मी. दोनदा पाणी प्यावं लागलं.

त्यानं ऐकून घेतलं आणि तो हसला. "बाबा, तुम्ही? तुम्हाला वॉचमनला गेट उघड म्हणायला संकोच वाटतो. मला बरं वाटावं म्हणून आता हे नवीन काढलंत?"

मग मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर तीनशे शब्द लिहिले. काय लिहिलं ते आठवत नाही. हात सरसर चालला. ओवीनं ठसा लावला. फोनकडे बघून तिनं तो वडिलांच्या हातात दिला.

निनादनं त्यावरचं नाव वाचलं.

"खेळला होतात?"

"नाही."

"उघडला तरी होता?"

"नाही."

"का?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं. "विंडोजवर होता."

ओवीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटतं तिला हसू आलं असावं. तसं ते हसण्यासारखंच होतं.

"आरवाडेकाका दर रविवारी इथे बसायचे," निनाद खुर्चीकडे बघून म्हणाला. "मी त्यांना चहा आणून द्यायचो. 'काय पोरा, काय चाललंय नवीन' असं दर वेळी विचारायचे. मी 'काही नाही' म्हणायचो." त्यानं फोन ओवीला परत दिला. "परत फिरणारा एकच माणूस होता, आणि तो सहा वर्षांपूर्वी गेला. काल मी त्याचं म्हणणं खोटं ठरवून सगळं पुसलं. तुमच्या मान हलवण्यावरून."

"परत करता येणार नाही का? तुझ्या डोक्यात तर असेलच…"

"कुणासाठी?" त्यानं विचारलं.

*

त्यानंतर आठवडाभर तो सकाळी ऑफिसच्या आधी दोन तास आत बसत होता. मला वाटलं, खेळ पुन्हा धरला. मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काही विचारू नका."

शनिवारी सकाळी ओवीनं मला दुवा पाठवला. सोबत एक शब्दही नव्हता.

निनादनं माझी सोलणी केली होती. स्वतःच्या आणि माझ्या खऱ्या नावानिशी. माझे बाराशे शब्द त्यात जसेच्या तसे होते आणि त्यांच्या शेजारी मी. केशकर्तनालयातून चुकीचा भांग घेऊन येणारा. बायकोच्या विनोदावर हसणारा आणि ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरांना एकही प्रश्न न विचारणारा. निकालाच्या दिवशी मुलाला 'बरं' एवढंच म्हणून पुस्तक उघडणारा, पण त्याच दुपारी कुणा अनोळखी मुलाच्या फॉण्टमधल्या 'ळ'वर दीड पान लिहिणारा. तारखा होत्या. दोन्हीकडच्या. मित्राचं पत्र चोरून त्याच्या वाट्याची माया दोन दिवस खाणारा. कुठेही शिवी नव्हती, की एखादं वाढीव विशेषण नव्हतं.

मी चूक शोधली. सवयच आहे. एकही सापडली नाही. गद्य उत्तम होतं. माझ्यापेक्षा चांगलं. खाली कुणीतरी ठसा लावून कळवलं होतं की हा लेखक दिवाभीतच्या फार जवळचा वाटतो, नातं आहे का?

दुपारपर्यंत चाळीस हजार लोकांनी ते वाचलं होतं. लोक म्हणत होते, अजून लिहा. कुणीतरी विचारलं होतं, 'हे गृहस्थ हयात आहेत का? त्यांचं यावर काय म्हणणं आहे?' निनादनं उत्तर दिलं होतं, 'पलीकडच्या खोलीत आहेत. विचारून सांगतो.'

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग माझ्या दारावर टकटक.

"बाबा, लोक विचारतायत."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

"पूर्ण वाचलंत?"

"दोनदा."

त्यानं मान हलवली आणि दार ओढून घेतलं. मी फोन हातात धरून बसलो. मिनिटभरात खाली त्याचं उत्तर आलं:

'वडील म्हणतात, त्यांनी हे दोनदा वाचलं. त्यांच्या या म्हणण्याला कितपत धरायचं, ते तुम्ही ठरवा.'